पाणी घातलेला रोखा

मित्रांनो, माझ्या अंगावर निळ्या शाईचा एक डाग आहे. चांगला तळहाताएवढा, मध्ये गडद आणि कडेला फिकट होत गेलेला. पाहणाऱ्याला वाटते, कुणीतरी निष्काळजीपणा केला. मी मात्र तो डाग दागिन्यासारखा मिरवतो. तो कसा पडला हे सांगायचे, तर सगळे आयुष्यच सांगावे लागेल. मला ते नीट जमेल की नाही, शंकाच आहे. कारण मी एक जुना बचत रोखा आहे, आणि आम्हा रोख्यांना बोलण्याची नव्हे, गप्प पडून राहण्याची सवय असते.

रोखा म्हणजे काय, ते आधी सांगतो. कुणी आपले थोडे पैसे सरकारकडे ठेवायला देतो. सरकार त्याला एक कागद देते आणि म्हणते, "इतक्या वर्षांनी हा घेऊन ये, तुझे पैसे वाढवून परत करू." तो कागद म्हणजे मी. खरे सांगायचे तर मी कागदही नाही. मी दिलेला एक शब्द आहे. कागद हा नुसता अंगरखा.

माझा जन्म पाण्यात झाला. जुन्या सुती चिंध्या आणि विटलेल्या चादरी यांचा लगदा एका मोठ्या हौदात तरंगत होता. त्यातून एक जाळी वर आली आणि तिच्यावर मी होतो, ओलाचिंब आणि थरथरणारा. त्या जाळीवर तारेने एक छोटे झाड काढलेले होते. त्या झाडाची खूण माझ्या अंगात कायमची उतरली. मेजावर ठेवले तर ती दिसत नाही, उजेडासमोर धरले की दिसते. आपल्या पोटात एक झाड आहे, हे कळले तेव्हा मी किती हरखून गेलो होतो म्हणून सांगू!

मग छापखान्यात माझ्या कडेने वेलबुट्टी उमटली, पाठीवर एक कोष्टक छापले गेले आणि कोपऱ्यात आकडा आला. माझ्यासारखे शेकडो भाऊ गठ्ठ्यात होते. आम्ही सगळे हुबेहूब सारखे. नावाच्या जागी सगळ्यांच्याच अंगावर एक रिकामी ओळ होती. ती रिकामी ओळ घेऊन मी एका टपाल कचेरीच्या खणात जाऊन पडलो आणि वाट पाहू लागलो.

एके दिवशी खिडकीपाशी एक बाई आली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीचे काम करी. तिच्या घरी तिला सगळे 'कडक आत्या' म्हणत. एक तर तिच्या हातचे कपडे कडक इस्त्रीचे, आणि दुसरे म्हणजे स्वभावही तसाच, चुणी न खपवणारा. तिच्या भावाची मुलगी पाच वर्षांची होणार होती.

"भेट द्यायचीय? पाच वर्षांच्या मुलीला?" खिडकीवरचे चष्मेवाले कारकून म्हणाले. "अहो बाई, बाहुली घ्या की एखादी."

"बाहुल्या तिचा मामा आणतो. त्याला काय, दुकानासमोर उभं राहिलं की झालं."

"मुदत लांबची आहे हं. घाई करून चालायचं नाही."

"मग पोरगी तरी कुठे आज मोठी होतेय? दोघं मिळून होतील."

कारकुनांनी हसू दाबत मला खणातून बाहेर काढले आणि निळ्या शाईने त्या रिकाम्या ओळीवर मुलीचे नाव लिहिले. खाली विकत घेणाऱ्याची सही हवी होती. आत्याने पेन हातात घेतले, डाव्या पंजाने मला सपाट दाबले, कोपर खिडकीच्या फळीवर रोवले आणि डावीकडून उजवीकडे एका दमात सही ओढली, चादरीवरून इस्त्री फिरवावी तशी. तो दाब मला अजून आठवतो. त्या क्षणी मी गठ्ठ्यातला एक राहिलो नाही. मी कुणाचा तरी झालो.

वाढदिवसाच्या दिवशी मला फार लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिच्या मामाने चावीचे अस्वल आणले होते. चावी दिली की ते टाळ्या वाजवत मेजाच्या कडेपर्यंत चालत जाई. सगळे खिदळत होते. तेवढ्यात आत्याने पाकीट पुढे केले. भिंगरीने मला बाहेर काढले, उलटे केले, सुलटे केले आणि पुन्हा पाकिटात डोकावून पाहिले.

"आत्या, यात खेळणं विसरलीस तू."

"ताई, अगं कागद काय देतेस पोरीला?" भिंगरीचे वडील म्हणाले. ते बसगाड्या दुरुस्त करायचे आणि थोरल्या बहिणीला वचकून असायचे, पण आज पाहुण्यांसमोर त्यांना जरा जोर चढला होता.

मामा म्हणाला, "आमचं अस्वल निदान चालतं तरी. तुमचा कागद काय करतो?"

"वाढतो," आत्या म्हणाली.

अस्वलाची चावी नेमकी तेव्हाच संपली.

"खरंच वाढतो?" भिंगरीने विचारले.

"खरंच. तू झोपलीस तरी वाढतो. शाळेत गेलीस तरी वाढतो. ही ओळ बघ, हे तुझं नाव. इथूनच याची सगळी वाढ."

भिंगरीने मला खिडकीच्या उजेडात धरले आणि तिचे तोंड उघडेच राहिले. "आई! याच्या आत झाड आहे!" त्या एवढ्याशा डोळ्यांत मी स्वतःला पहिल्यांदाच पाहिले. माझी लाज कुठल्या कुठे पळाली.

"आणि मी मोठी झाल्यावर?"

"तू मोठी झालीस की वटेल," आत्या म्हणाली.

भिंगरीचा चेहरा एकदम उतरला. तिने मला हळूच पाकिटात घातले आणि पुढे काही विचारले नाही. कुणाच्या ते लक्षातही आले नाही, कारण मामाने अस्वलाला पुन्हा चावी दिली होती.

मित्रांनो, आता जे झाले ते नीट ऐका. 'वटणे' म्हणजे कागदाचे पैसे होणे. चेक वटतो, रोखा वटतो. पण पाच वर्षांच्या मुलीला हा शब्द कुठून ठाऊक असणार? तिला त्याच्या शेजारचा शब्द ठाऊक होता. त्यांच्या घरामागच्या अंगणात एक मोठे झाड होते. त्याला दोन वर्षे पालवी फुटली नव्हती. आई त्याला कपड्यांची दोरी बांधायची आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "अरेरे, झाड वठलं." म्हणजे उभ्या उभ्या वाळून गेले. भिंगरीने 'वटेल' ऐकलेच नव्हते. तिने ऐकले होते 'वठेल'.

मला कपाटात, मेजावर घालायच्या चादरीखाली ठेवले होते. काही आठवड्यांनी एका दुपारी कपाट उघडले. भिंगरीने मला बाहेर काढले, खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात निजवले आणि दात घासायच्या पेल्यातून पाणी आणले. "मुळाशी घालायचं असतं," ती स्वतःशीच पुटपुटली. आत्याने बोट ठेवून दाखवलेली ओळ तिने शोधली आणि बरोबर आपल्या नावावर पाणी ओतले.

पाणी! हौदातून बाहेर आल्यावर पुन्हा कधी भेटेल असे वाटले नव्हते, ते पाणी माझ्या अंगावर होते. शाई सुटू लागली. अक्षरे एकमेकांच्या गळ्यात पडून वाहू लागली. मी भ्यालो, हे खरे. पण मनातून इतका थक्क झालो होतो की भीतीही अर्धीच वाटली. आम्हा रोख्यांना लोक मोजतात, जपतात, कुलपात ठेवतात. पण आम्ही जगावे म्हणून आमच्या मुळाशी कुणी पाणी घातल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का?

"अगं कार्टे, काय केलंस हे!" आईचा आवाज आला. वडील धावत आले. "गेलं! नाव गेलं! आता कोण विचारणार याला?"

भिंगरी रडता रडता ओरडली, "तो वठणार होता! आत्या म्हणाली, मी मोठी झाले की तो वठेल! त्या झाडासारखा! मला मोठंच नाही व्हायचं!"

आईचा वर गेलेला हात तसाच खाली आला.

आत्याला निरोप गेला. ती धुलाईघरातून तशीच आली, कामाचा अंगरखा अंगावर, बाह्या दुमडलेल्या. तिने मला पाहिले, भिंगरीला पाहिले आणि फक्त एवढेच म्हणाली, "आधी इस्त्री तापवा."

तिने मला दोन जुन्या सुती फडक्यांच्या मध्ये ठेवले. इस्त्रीचा चटका आधी बोटाने पाहिला, मग थोडी निवू दिली आणि मग माझ्यावरून फिरवली. पाण्यात जन्मलेल्या मला विस्तवाची ओळख त्या दिवशी झाली. वाटले, संपलो! पण तो दाब माझ्या ओळखीचा होता. सहीचाच दाब. माझ्या अंगातली एक एक सुरकुती उलगडत गेली आणि मी पुन्हा ताठ झालो. फडके उचलले तेव्हा नावाच्या जागी निळा डाग होता आणि त्याच्या खाली आत्याची सही कोरडी, शाबूत होती.

मग ती जमिनीवर भिंगरीसमोर बसली. "म्हण बघू, ट."

"ट," भिंगरी मुसमुसत म्हणाली.

"टोपीतला ट. आता म्हण, ठ. ठशातला ठ. वठतं ते झाड. वटतो तो रोखा. कळलं?"

"मग वटतो म्हणजे काय होतं?"

चादरींच्या घड्या घालणाऱ्या त्या बाईला शब्दांची घडी घालायला वेळ लागला. "वटतो म्हणजे... दिलेला शब्द खरा होतो."

"पण ताई, नाव गेलं ना गं," वडील म्हणाले.

"नाव गेलं, पोरगी आहे ना जागेवर? चला, कचेरीत जाऊन विचारून येऊ."

चष्मेवाल्या कारकुनांनी मला उलटसुलट करून पाहिले. "आकडा दिसतोय, सही शाबूत आहे. मुदत भरेल तेव्हा बाईंनी स्वतः यायचं आणि इथे समोर सही करून दाखवायची. सही जुळली की नाव पुन्हा लावता येईल."

"आणि नाही जुळली तर?" वडिलांनी विचारले.

कारकुनांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आत्या म्हणाली, "का नाही जुळणार? हात माझाच आहे ना?"

त्या दिवसापासून माझे सगळे भवितव्य त्या हाताच्या स्वाधीन झाले.

पुढची वर्षे अंधारातली. अस्वलाची कमान तुटली, मग त्याचा एक कान गेला, मग ते दिसेनासेच झाले. मी पडून होतो आणि वाढत होतो. कसा, ते मलाही सांगता येणार नाही. वजन वाढले नाही, उंची वाढली नाही, अंगावरचे एक अक्षर बदलले नाही. तरी काल मी जेवढा होतो त्याहून आज जास्त होतो. तुम्ही तुमची नखे वाढताना कधी पाहिली आहेत का? तसेच ते. अंधारात पडल्या पडल्या मला या गोष्टीचे इतके नवल वाटे की एकटेपणा जाणवत नसे. दर वाढदिवसाला आत्या येई, मला बाहेर काढी, एकदा तळहाताने सपाट करी, उजेडात झाड पाही आणि परत ठेवी. बाकी वर्षभर मला कुणी विचारत नसे. आईने एकदा चुकून माझ्यावर डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तेवढीच सोबत.

भिंगरी शाळेत वरच्या वर्गात होती तेव्हा घरामागचे ते वठलेले झाड तोडले. लाकूडतोड्याने बुंध्यावर पाणी शिंपडून तिला वर्तुळे दाखवली. "ही बघ, वर्षाला एक. हे जाड, पाऊस चांगला झाला असेल. हे बारीक, त्या वर्षी बिचाऱ्याचे हाल झाले असतील." बोट बाहेरून आत सरकवत सरकवत तो एका वर्तुळावर थांबला. "आणि हे, तू झालीस त्या वर्षाचं."

ती तशीच पळत आली, कपाट उघडून मला घेऊन खाली गेली आणि मला त्या ओल्या बुंध्याशेजारी धरले. "तुझ्यातही असतील ना रे अशी?" तिने मला विचारले. मला! मित्रांनो, माझ्या पाठीवरच्या कोष्टकात वर्षांच्या ओळी आहेत, पण त्यांना वर्तुळे म्हणायचे मला सुचले नव्हते. गप्प उभे राहून ते झाड आपला हिशेब आत लिहीत होते, आणि मीही. दोघे शेजारी शेजारी होतो आणि ती मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. त्या दिवसाइतका मोठा मी पुन्हा कधी झालो नाही.

झाडांचे वेड तिला तिथून लागले. शाळा संपली तेव्हा तिला दुसऱ्या गावी, झाडांची निगा शिकवणाऱ्या विद्यालयात जायचे होते. झाड आजारी का पडते, वठू लागलेले झाड कसे वाचवायचे, हे तिथे शिकवत. प्रवेश मिळाला. महिनाअखेर फी भरायची होती.

"इतके एकदम कुठून आणू गं?" वडील मान खाली घालून म्हणाले.

"रोखा आहे ना," आत्या म्हणाली. "दिवस भरलेत त्याचे."

ती हे म्हणाली आणि बशीत चहा ओतू लागली. अर्धा चहा बशीबाहेर गेला. सगळ्यांनी पाहिले आणि कुणीच पाहिले नाही असे दाखवले. धुलाईघरातून निवृत्त झाल्यापासून आत्याचा उजवा हात थरथरू लागला होता.

"ताई, सही जमेल ना?"

"थरथरतो तो हात. मी नाही," आत्या म्हणाली. पण नंतर स्वयंपाकघरात ती वर्तमानपत्राच्या कडेला सही करून पाहत होती, आणि प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा वाकडी येत होती.

कचेरीत खिडकी तीच होती, चष्मेवाले कारकून मात्र नव्हते. त्यांच्या जागी अंबाडा घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मला पाहून कपाळाला आठी घातली.

"नाव दिसतच नाही. हे काय सांडलंय?"

"सांडलं नाही," भिंगरी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी घातलं होतं. पाणी."

"रोख्याला? कशाला?"

"वठू नये म्हणून."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आत्यापुढे कोरा कागद आणि खुर्ची सरकवली. "बसा आजी. सावकाश करा सही."

आत्या बसली. पेन कागदाला टेकले आणि थरथरले. उमटले ते पाऊसपाण्यात सापडलेल्या मुंगीने चालावे तसे.

बाईंनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. बराच वेळ पाहिल्या. "जुळत नाही हो. मला वर पाठवावं लागेल. तीन-चार महिने तरी जातील."

"फी महिनाअखेर आहे," भिंगरी म्हणाली.

"मला कळतंय गं. पण मी काय करू?"

आत्याने पेन खाली ठेवले. चुणी न खपवणारी ती बाई पहिल्यांदाच चुरगळल्यासारखी दिसली. "पोरी, मी शब्द दिला होता," ती हळू आवाजात म्हणाली. मी तिथेच फळीवर पडून होतो आणि मला काहीच करता येत नव्हते. तेरा वर्षे वाढून काय उपयोग, असे मला त्या क्षणी वाटले.

भिंगरीने वाकून मला पाहिले. माझ्या कोपऱ्यातली ती जुनी सही, एका दमात ओढलेली. मग ती आत्याच्या कानाशी म्हणाली, "आत्या, सही नको करूस. इस्त्री कर."

"काय?"

"इस्त्री. चादर आहे असं समज."

आत्याने तिच्याकडे पाहिले. मग ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. बाह्या दुमडल्या. डाव्या पंजाने कागद सपाट दाबला, कोपर फळीवर रोवले, खांद्यापासूनचे सगळे वजन हातात आणले आणि श्वास रोखला. डावीकडून उजवीकडे, एका दमात, तिने हात फिरवला.

रांगेत कुणी हसले नाही.

बाईंनी कागद उचलला. मला उचलले. दोघांना उजेडासमोर धरले. माझ्यातले झाड सगळ्यांना दिसले. "जुळली," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच तोंडून निघून गेले, "कमालच झाली!"

त्यांनी डागाशेजारी भिंगरीचे नाव नव्याने लिहिले आणि माझ्यावर शिक्का मारला. मित्रांनो, तो क्षण कसा सांगू? मला वाटायचे, वटणे म्हणजे माझा शेवट. पण झाले उलटेच. हौदातले पाणी, छापखाना, कपाटातला अंधार, तो पेला, ती इस्त्री, सगळे एका जागी आले आणि खरे झाले. एका बाईने एका पोरीला शब्द दिला होता. इतकी वर्षे मी तो सांभाळला. आता तो मी सुखरूप खाली ठेवला.

बाईंनी पैसे मोजून दिले. भिंगरीने त्यातल्या थोड्या नोटा परत खिडकीत सरकवल्या. "एक नवीन रोखा द्या. सगळ्यात लहान असेल तो."

"कुणाच्या नावाने?"

"हिच्या."

"वेडी का खुळी तू!" आत्या कडाडली. "माझ्या वयाला रोखा? अगं, हा वटेपर्यंत मीच वठेन!"

"मग मी पाणी घालीन की," भिंगरी म्हणाली.

आता मात्र सगळी रांग हसली, खिडकीवरच्या बाईसुद्धा. आत्याने हातरुमाल काढला. "पंखा किती जोरात लावतात इथे," ती म्हणाली, "डोळ्यात कचरा जातो माणसाच्या."

आता मी याच कचेरीच्या कपाटात, वटलेल्या रोख्यांच्या गठ्ठ्यात असतो. अंगावर शिक्का आहे, एका कोपऱ्याला भोक पाडलेले आहे. मला आता कुणी काही देणार नाही, आणि मीही कुणाचे काही देणे लागत नाही. तरी गठ्ठ्यातले शेजारी अजून माझ्या डागाकडे पाहतात, तेव्हा माझी मान आपोआप ताठ होते.

मित्रांनो, तुमच्याही घरातल्या एखाद्या कपाटात असा एक गप्प कागद असेल. तो टाळ्या वाजवणार नाही, मेजाच्या कडेपर्यंत चालणार नाही. त्याच्यावर रुसू नका. त्याला कोरड्या जागी ठेवा आणि कधीतरी उजेडात धरून पाहा. पाणी त्याला घालू नका, ते त्याला नको असते. तो ज्यांनी दिला, त्यांच्या मुळाशी मात्र आठवणीने घालत जा.